मासा उपाशी मेला नाही हो ताई

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतो.

"दादा, गेल्या दिवाळीत आम्ही फिश टँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. वास्तूचं बघणाऱ्यांनी सासूबाईंना नऊ मासे सांगितले होते, आठ लाल आणि एक काळा, म्हणून नऊ गोल्डफिश आणले. दुकानदाराने काच साफ करायला म्हणून एक सकर मासा फुकट दिला. आता मे महिना चालूय आणि चार गोल्डफिश उरलेत, त्यात तो काळा एक. सकाळी पूजा झाली की सासूबाई खायला घालतात, दुपारी शाळेतून आला की लेक घालतो, रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बघता बघता मिस्टर घालतात. सगळे चिमूट चिमूटच घालतात. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे महिन्यातून दोनदा, पाणी येईल त्या दिवशी, मिस्टर टँक पूर्ण रिकामा करून खडे, फिल्टर सगळं नळाखाली घासून लख्ख करतात. आणि नेमका त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच एखादा मासा जातो. जाण्याआधी वर येऊन तोंड उघडझाप करतो. एकदोघांच्या पंखांच्या कडा काळ्या पडल्यात, आम्हाला वाटलं रंग बदलतोय. दुकानदार म्हणाला निळ्या औषधाचे थेंब घाला, ते दर आठवड्याला घालतोय. सासूबाई म्हणतात मासा गेला म्हणजे घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. पण लेक दुसरीत आहे, परवा झोपताना विचारत होता, आई मी कमी खायला दिलं म्हणून मेला का? दिवसातून किती वेळा, किती खायला द्यायचं आणि पाणी कधी बदलायचं एवढं नीट सांगा."

ताई, आधी लेकाचं बघू. त्याला आज झोपायच्या आधीच सांगून टाका की मासा उपाशी मेलेला नाही. आणि एक करा, "तू जास्त घातलंस म्हणून मेला" असंही सांगू नका, कारण ते अर्धंच खरं आहे आणि सात वर्षांच्या पोराने तेवढं ओझं घ्यायचं काही कारण नाही, घरात तीन हात खायला घालत होते आणि त्यातला त्याचा सगळ्यात लहान होता.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, खाणं किती आणि पाणी कधी. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. टँकमध्ये जे खाद्य पडतं ते जात कुठेच नाही, माशाने खाल्लं तरी पाण्यातच राहतं आणि नाही खाल्लं तरी पाण्यातच सडतं. खाद्यातल्या प्रोटीनचा अमोनिया होतो, आणि मासा तो मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो, म्हणजे श्वास घ्यायची आणि ही घाण टाकायची जागा एकच. पस्तीस टक्के प्रोटीनचं एक ग्रॅम खाद्य म्हणजे मोटामोटी 30 मिलिग्रॅम अमोनिया, अमोनियातला नायट्रोजन म्हणा काटेकोर बोलायचं तर. आता तुमचा हिशोब मांडतो. टँक अडीच घनफूट, म्हणजे काठोकाठ 70 लिटर, वरची रिकामी जागा आणि खालचे खडे सोडले तर पाणी धरा 55 लिटर. तिघांच्या तीन चिमटी. मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माझी चिमूट मोजून बघितली होती, एक ग्रॅमच्या आसपास भरली, आणि मोठ्या माणसाची चिमूट कधीच चिमूट नसते हे भाजीत मीठ घालणाऱ्या बाईला मी काय सांगायचं. तर दिवसाला तीन ग्रॅम, म्हणजे 90 मिलिग्रॅम, भागिले 55 लिटर, म्हणजे रोज लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर अमोनिया. तो असायला हवा शून्य. पाव झाला तरी मी पाणी बदलायला उठतो.

मग सगळेच मासे आत्तापर्यंत का नाही मेले? कारण टँकमध्ये तुम्हाला न दिसणारे कामगार असतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर बॅक्टेरिया वाढतात, काही अमोनिया खाऊन त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद तो मारतो, पण नायट्रेट त्या मानाने बराच सौम्य, पाणी बदलून बदलून काढून टाकता येतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चिकट, तपकिरी, घाणेरडा दिसणारा स्पंज म्हणजे ती वस्ती. आणि तुमचे मिस्टर महिन्यातून दोनदा ती नळाखाली धुतायत.

त्यात दिवस कुठला, तर पाणी येईल तो. टाकीत दोन दिवस साठलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो, पण नळाला आत्ता आलेल्या ताज्या पाण्यात तो असतो, तुम्ही-आम्ही आजारी पडू नये म्हणूनच घातलेला असतो, बॅक्टेरिया मारायला. मग तो तुमच्या स्पंजवरचे बॅक्टेरिया काय ओळखून सोडणार? शिवाय तेच पाणी टँकमध्ये भरलं की माशाच्या कल्ल्यांनाही झोंबतं. म्हणजे धुतलेल्या दिवशी टँक काचेसारखा लख्ख, सगळे खूश, खायला घालणं चालू, आणि आत अमोनिया खाणारं कोणीच नाही. पहिल्या दिवशी दीड, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी साडेचार. तुमचा मासा दोन-तीन दिवसांनीच जातो ना? हे असं आहे. संकट असेल घरावर तर असेल, मी त्यातला जाणकार नाही, पण मासा गेला तो अमोनियाने गेला.

मिस्टरांना रागावू नका हं. माणूस मनापासून घासतोय, आणि आपल्याकडे स्वच्छ म्हणजे धुतलेलं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. मी आठवीत असताना गोल बाउलमध्ये दोन मासे ठेवले होते, रोज पूर्ण पाणी बदलायचो, रोज, शाळेत जाण्याआधी, नळाचं थेट. एक नऊ दिवस टिकला आणि एक अकरा. मी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून आठवतंय.

पंखांच्या काळ्या कडा: गोल्डफिशचा रंग वयाप्रमाणे बदलतो हे खरं आहे, पण अमोनियाने भाजल्यावर जखम भरून येताना असाच काळा रंग धरतो आणि तुमची बाकी गोष्ट ऐकता मला तेच वाटतंय. म्हणजे जिवंत राहिले त्यांनी मार खाल्लाय आणि सावरतायत. वर येऊन तोंड उघडझाप करणं हे कल्ले नीट चालत नसल्याचं किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचं लक्षण. त्याला भूक समजून अजून खायला घातलं जातं, हे तर मी दहा घरांत बघितलंय.

आता लगेच करायचं ते. आजपासून तीन दिवस खाणं पूर्ण बंद. हो, पूर्ण. सासूबाईंना वाईट वाटेल, पण मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता आरामात राहतो, थंड रक्ताचा जीव आहे, अंग गरम ठेवायला त्याला रोज जेवावं लागत नाही. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा, रात्री आवाज येतो म्हणून बंद करत असाल तर खाली जाड कापडाची घडी घाला पण बंद करू नका. निळं औषध बंद, ते मेथिलीन ब्लू, ते औषध आहे, आठवड्याचं टॉनिक नाही, आणि उरलेसुरले चांगले बॅक्टेरियाही त्याने मार खातात. जाडं मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला 55 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं घाला, त्याने नायट्राइटचा त्रास कमी होतो कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. एकदाच घालायचं, नंतर पाणी बदलताना काढलेल्या बादलीपुरतंच भरून काढायचं, आणि हे दोन-तीन आठवडेच. आणि एक टेस्ट किट मागवा, थेंबांचा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) दाखवणारा. पट्ट्यांचा नको, त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच आणि आपल्याला तोच बघायचाय.

पीएचचं तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळत असाल तर ते जड असणार, पीएच आठच्या आसपास किंवा वर. गोल्डफिशला जड पाणी चालतं, आवडतंच म्हणा, सात ते आठ सव्वाआठ काहीही चालेल. पण अमोनियाचं विष पीएचबरोबर वाढतं, तीस डिग्री तापमानात पीएच सात असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो आणि पीएच आठ झाला की सात-साडेसात टक्के होतो. म्हणजे तेवढ्याच खाद्याला पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यातला मासा कदाचित तरून जाईल, तुमचा नाही जाणार. यावर उपाय म्हणून कोणी आरओचं पाणी भरायला सांगेल, ते अजिबात ऐकू नका. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतं, मग पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि एक दिवस तो धाडकन खाली येतो. पीएच सुधारत बसण्यापेक्षा खाद्य कमी करा, ते फुकट आहे.

पाणी रोज बदलायचं का? पहिले आठ-दहा दिवस हो, रोज एक बादली. पंधरा लिटरची साधी बादली म्हणजे तुमच्या टँकचा पाव भाग झाला, एवढंच बदलायचं, पूर्ण रिकामा करायचा नाही कधीच. नंतर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की आठवड्याला दोन बादल्या, एक बुधवारी एक रविवारी असं काहीतरी धरा. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना मी हे सांगतोय याची मलाच लाज वाटते, पण हिशोब करून बघा, मिस्टर एका दिवसात टँक भरायला 55 लिटर आणि खडे-फिल्टर घासायला अजून किती तरी नळाचं पाणी घालवतायत, त्यापेक्षा हे फार जास्त नाही. आणि काढलेलं पाणी वाया जात नाही, त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच, मोगरा, जास्वंद, तुळस, कशालाही घाला, झाडं फरक दाखवतात. फक्त आत्ता मीठ घातलेलं असेपर्यंत ते झाडांना नको, तोवर फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

बादलीचं तंत्र सोपंय. टाकीतलं साठवलेलं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून उघडं ठेवायचं, वरून अँटीक्लोरीनचे थेंब टाकले तर उत्तमच, पाणी आलेल्या दिवशी ताजं वापरायची वेळ आली तर मात्र थेंब टाकल्याशिवाय नाहीच. दुसऱ्या दिवशी आधी टँकमध्ये हात घालून बघा मग बादलीत, दोन्हीकडे सारखंच लागलं पाहिजे, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी मे महिन्यात चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते थेट नको. जुनं पाणी काढताना पाइप खड्यांत खुपसून काढा म्हणजे खाली बसलेली घाण तीच वर येते, आणि स्पंज महिन्यातून एकदा, त्या काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीतच, दोन-तीनदा पिळायचा आणि परत लावायचा. घाणेरडा दिसला तरी लावायचा. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ आलं की क्लोरीन जास्त मारतात, नळाखाली वासच येतो, तेव्हा थेंब विसरू नका.

आता वेळापत्रक, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत. तीन दिवस उपवास झाला की पहिले दोन आठवडे दिवसातून एकदाच, सकाळी. किट शून्य दाखवायला लागला की दिवसातून दोनदा, सकाळी आठ-नऊच्या दरम्यान आणि संध्याकाळी सहा-सातला. रात्री दहाचं टीव्हीसमोरचं जेवण कायमचं बंद, दिवा बंद झाल्यावर तळाशी राहिलेले दाणे रात्रभर सडतात आणि कोणाचं लक्षही नसतं. किती? तीन इंची माशाला एका वेळी दीड-दोन मिलिमीटरचे चार-पाच दाणे. चार मासे म्हणजे वीस दाणे. मोजून! सासूबाई हसतील, हसू द्या. एक-दोन मिनिटांत सगळं संपलं पाहिजे, तिसऱ्या मिनिटाला एखादा दाणा तळाशी दिसला तर उद्या दोन कमी.

एवढं कमी घातल्यावर ते काचेला येऊन नाचणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. गोल्डफिशला आपल्यासारखं पोट नसतं, अन्ननळीनंतर थेट आतडंच, त्यामुळे पोट भरलं असा प्रकार त्याच्याकडे फारसा नाही, त्याचे जंगली भाऊबंद दिवसभर चिखल हुंगत, शेवाळ कुरतडत फिरतात. शिवाय तो हुशार आहे, तीन सेकंदांची मेमरी वगैरे थापा आहेत, कोण आलं की खायला मिळतं हे त्याला महिनोन्महिने लक्षात राहतं. तुमच्या घरात तर तीन माणसं आली की मिळतं, तो तिघांसमोरही नाचणार. त्याचं ऐकायचं नाही.

आणि चुका होऊ नयेत म्हणून एक युक्ती, ही मी माझ्या घरी बीपीच्या गोळ्यांवरून उचलली. औषधाच्या दुकानात आठवड्याची प्लास्टिकची डबी मिळते ना, सोम मंगळ बुध लिहिलेली, सकाळ-संध्याकाळ दोन कप्प्यांची, ती एक माशांसाठी आणा. रविवारी लेकाला बसवा आणि दाणे मोजून एकेका कप्प्यात भरायला लावा, दुसरीतला पोरगा, वीस-वीस मोजेल, गणिताचा गृहपाठही होईल. खाद्याचं मोठं पाकीट कपाटात वर ठेवायचं. मग कोणीही घालू दे, सासूबाई घालू दे नाहीतर मिस्टर, कप्पा रिकामा दिसला की माशांचं जेवण झालं. भांडण नको की विचारणा नको. दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे पाकीट देऊ नका, ही डबी द्या, किंवा चार-पाच दिवसांसाठी काहीच देऊ नका, तेही चालतं. ते सुट्टीसाठी म्हणून मिळणारे पांढरे ठोकळे मात्र टाकू नका, पाणी दुधासारखं करतात.

आठवड्यातल्या एका दिवसाचे दोन्ही कप्पे रिकामेच ठेवायचे. सासूबाईंचा उपवास गुरुवारी असेल तर गुरुवार, सोमवारी असेल तर सोमवार, माशांचाही त्याच दिवशी. साबुदाणा चालणार नाही एवढंच. दुसऱ्या एका दिवशी दाण्यांऐवजी मटार, तीन-चार दाणे मऊ उकडायचे, साल काढायची, बोटाने चुरडून गार करून टाकायचे. तुमचे मासे आखूड गोल अंगाचे, दोन शेपट्यांचे असतील, तर त्यांचं आतडं त्या गोल अंगात कोंबलेलं असतं आणि बद्धकोष्ठता झाली की ते तिरके होतात, उलटे तरंगतात. मटाराचा त्याला उपयोग होतो. पालकाचं पान गरम पाण्यातून काढून, काकडीची पातळ चकती, हेही आवडतं, फक्त दोन तासांनी उरलेलं काढून टाका. रोजचे दाणे टाकायच्या आधी मिनिटभर टँकच्याच पाण्यात भिजवा, यावर लोकांचे वाद आहेत, दाणे पोटात फुगतात म्हणून की वर तरंगणारे दाणे खाताना हवा गिळली जाते म्हणून, मला कारणात पडायचं नाही, भिजवायला लागल्यापासून माझ्याकडचे तिरके व्हायचे कमी झाले. तळाला बुडणारे दाणे मिळाले तर तेच घ्या. लाल-हिरव्या रंगाचे सुटे दाणे पारदर्शक पिशवीतून मिळतात त्यावर ना प्रोटीन लिहिलेलं असतं ना तारीख, ते मी घेत नाही. पोळी, बिस्किट, चुरमुरे, कणकेच्या गोळ्या काहीच नको. सिद्धेश्वरच्या तलावात मूठभर चुरमुरे टाकले तर तिथे पाणी केवढं आणि तुमच्याकडे साडेतीन बादल्या.

उन्हाळ्याचं राहिलं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, अठरा ते चोवीस डिग्रीत खूश, आणि सोलापुरात मे महिन्यात खोलीतलं पाणीच तीसच्या वर जातं. वीस डिग्रीच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीसला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. दुकानदाराने हीटर दिला असेल तर काढून ठेवा. वरचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा टेबल फॅन पाण्यावरून वारा जाईल असा तिरका लावा, तुमची हवा कोरडी आहे, कूलरसारखं काम होतं, दोन-तीन डिग्री सहज उतरतं, आटलेलं पाणी तेवढं भरत राहा. फ्रीजरमधली बर्फाची बाटली तरंगत ठेवली तरी चालेल पण लहानशी, एकदम गार नको. दुपारी लाइट गेली आणि पंप बंद पडला तर मगाने टँकचंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं, पाच-दहा मिनिटं, दर अर्ध्या तासाने. कंटाळवाणं आहे पण वाचतात.

सकर परत करा. तो काच साफ करतो लहान असताना, मोठा झाला की रात्री गोल्डफिशच्या अंगावर चिकटून त्याच्या अंगावरचा चिकट थर खातो, शिवाय स्वतः फूटभर वाढतो आणि त्याचीही घाण त्याच 55 लिटरमध्ये. दुकानदाराने घेतला नाही तर कोणा मोठ्या टँकवाल्याला द्या, तलावात किंवा नदीत मात्र सोडू नका, बाहेरच्या देशातला आहे, तिथे माजतो.

आणि नऊचा आकडा. हे नाजूक आहे, सासूबाईंशी तुम्हीच बोला. आठ लाल एक काळा हे मुळात फेंगशुईचं, चीनकडचं, आणि गोल्डफिश हा मासा घडवला तोही चीनमध्येच, हजार वर्षांहून आधीपासून. पण तिथे त्यांना तळ्यांत नाहीतर रुंद तोंडाच्या भल्यामोठ्या कुंड्यांत ठेवायचे, वरून बघायचे, दोन फुटी काचेच्या पेटीत नऊ नव्हते ठेवत. मी त्यांना असं सांगेन की काकू, नऊ मरणारे ठेवण्यापेक्षा चार जगणारे ठेवू. आहेत ते चार, त्यात एकही भर नको. खरं तर चारांनाही हा टँक लहानच आहे, हळूहळू पैसे जमवून तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच असा करून घ्या, दीडशे लिटरच्या आसपास होतो, मग आठवड्यातून एकदा पाणी बदलून भागेल. लोखंडी स्टँड भक्कम करा, नुसतं पाणीच दीडशे किलो. जुना स्पंज नव्या टँकमध्ये तसाच लावायचा, न धुता, हे आता सांगायला नकोच. नीट ठेवले तर हे दहा-पंधरा वर्षं राहतात, इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक तर 43 वर्षं जगला. म्हणजे लेकाच्या लग्नापर्यंत पुरेल असा प्राणी तुम्ही घरी आणलाय.

तो काळा. मोठ्या डोळ्यांचा, बटबटीत बाहेर आलेले डोळे असा असेल तर त्याला ब्लॅक मूर म्हणतात आणि त्याला दिसतं कमी. बाकीचे तिघे दाणे टिपून मोकळे होतात तोवर हा हुंगतच असतो, त्यामुळे त्याचे पाच दाणे वेगळे काढून त्याच्या तोंडासमोर, रोज त्याच एका कोपऱ्यात टाकायला लागतात. हे काम लेकाला द्या, बाकी कोणाला नको. चार-पाच दिवसांत तो त्या कोपऱ्यात येऊन थांबायला लागेल. टँकमध्ये टणक, अणकुचीदार काही शोभेचं असेल तर तेही काढा, त्याचे डोळे लागतात.

किट आला की पहिल्या दिवशीचे चारही आकडे आणि तीन आठवड्यांनंतरचे चार आकडे कळवा, काळ्या कडा कमी होतायत का तेही. आणि मिस्टरांना म्हणावं, घासायचा हात शिवशिवला तर काचेची बाहेरची बाजू आहे.